कलाशिक्षण देणारी एक सार्वजनिक माध्यमिक शाळा

न्यूयॉर्क शहराचे महापौर फिओरेल्लो ला ग्वार्डिया ह्यांनी १९३६ साली संगीत व चित्रकलेची माध्यमिक शाळा स्थापन केली. पुढे नृत्य-नाट्याची निराळी शाळा निघाली; १९८४ साली दोन्ही एका इमारतीत आल्या. ह्या संयुक्त शाळेस ला ग्वार्डियांचेच नाव आहे. खर्च सार्वजनिक, म्हणून फी नाही. प्रवेश मात्र कसोटी घेऊन: मूल गाते, वाजविते, नाचते अथवा नाट्यप्रवेश करून दाखविते. शाळा नववी ते बारावीची; गणित, शास्त्र, इतिहास कोणासही सुटत नाहीत. त्यांच्या जोडीला रोज कलेचे तास असतात. खरी अडचण कसोटीपाशीच आहे. ज्याच्या घरी शिकवणी परवडते त्याची तयारी आधीच झालेली असते. इतरांचा गळा चौदाव्या वर्षापूर्वी ऐकलेला असतो तो बहुधा प्राथमिक शिक्षकानेच.