उभ्या भिंतीजवळील तरंगत्या वस्तूंवरील लाटांची प्रेरणा

उभ्या भिंतीलगत तरंगणारी नाव, तराफा किंवा बोया यांवर लाटांमुळे पडणारी प्रेरणा खुल्या पाण्यातील प्रेरणेहून परिमाणाने व स्वरूपानेही वेगळी असते. येणारी लाट भिंतीवरून परावर्तित होते व दोहोंच्या अध्यारोपणाने स्थिर तरंग निर्माण होतो [⟶ तरंग गति]. भिंतीपाशी त्याचा प्रस्पंद असतो. तेथे पातळी मूळ लाटेच्या सु. दुप्पट वरखाली होते, पण पाण्याला भिंतीच्या दिशेने गती नसते. भिंतीपासून पाव तरंगलांबीवर निस्पंद असतो. तेथे पातळी जवळजवळ बदलत नाही, मात्र पाणी जोराने पुढेमागे होते.

खोल पाण्यातील तरंगलांबी (मीटरमध्ये) आवर्तकालाच्या (सेकंदांत) वर्गाच्या १·५६ पट असते. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाच्या धक्क्याशी ८ से. आवर्तकालाची लाट आली, तर उथळपणामुळे तिची लांबी १०० मी.हून कमी भरली, तरी धक्क्याला समांतर लावलेली लाँच सबंध प्रस्पंदातच सापडते. पायऱ्यांवरून चढउतार करणाऱ्यांना खरा धोका असतो तो या दुप्पट हेलकाव्याचा. पावसाळ्यात तेथून मांडव्याकडे जाणारी लाँच-सेवा बंद ठेवतात. नागपूरच्या गांधीसागर (शुक्रवारी) तलावाचे काठही दगडी भिंतींचे आहेत. परंतु लहान तलावातील लाटेचा आवर्तकाल १ से. धरल्यास निस्पंद भिंतीपासून अवघ्या ३९ सेंमी.वर येतो. होडीची रुंदी तरंगलांबीच्या मानाने लहान राहत नाही, ती स्वतःच लाटा परतवते आणि वरील साधे चित्र अपुरे पडते.

वस्तू हलताना भोवतालचे पाणीही हलवावे लागते. हे तिचे ‘अतिरिक्त वस्तुमान’ होय. भिंतीचा त्यावरील परिणाम प्रतिमा-पद्धतीने, म्हणजे भिंतीपलीकडे वस्तूची आरशातील प्रतिमा कल्पून, काढतात. पूर्ण बुडालेला गोल भिंतीच्या लंबदिशेत हलत असता ही वाढ सु. (३/८)(त्रिज्या/केंद्राचे अंतर)³ इतकी असते. अंतर त्रिज्येच्या दुप्पट झाले की ती ५ टक्क्यांहूनही कमी होते. त्यामुळे व्यवहारात या वाढीपेक्षा परावर्तनालाच अधिक महत्त्व आहे.

अरुंद फटीत मात्र निराळाच धोका संभवतो. तराफा व भिंत यांमधील पाण्याचा स्तंभ दट्ट्यासारखा वरखाली होतो. त्याचा आवर्तकाल बुडीत खोलीवर अवलंबून असून १ मी. खोलीस तो किमान सु. २ से. असतो व फट रुंदावल्यास वाढतो. लाटेचा आवर्तकाल त्याच्याशी जुळल्यास अनुस्पंदन होऊन दोरखंड तुटू शकतात. श्यानता व भोवरे वगळणारे गणित येथे पाण्याची उसळी वाजवीपेक्षा फार मोठी दाखवते, म्हणून प्रतिकृतीवरील प्रयोग आवश्यक ठरतात. लाटांच्या अशा प्रतिकृतींचे काम पुण्याजवळ खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत् संशोधन संस्थेत (स्थापना १९१६) चालते.

परावर्तनच कमी करण्यासाठी झार्लां यांनी १९६१ मध्ये सच्छिद्र भिंत सुचविली. तिच्या छिद्रांतून पाणी आतील कक्षात जाते-येते व लाटेची बरीच ऊर्जा भोवऱ्यांत खर्च होते.