नवतप्यातले रोहित्र

२५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो आणि विदर्भात नवतपा लागतो. या नऊ दिवसांत नागपूर, चंद्रपूर, अकोल्याचे रस्ते भर दुपारी ओस पडतात. माणसे तोंडाला दुपट्टे गुंडाळून घराकडे वळतात, गुरे झाडाखाली दाटीने उभी राहतात, दुकानदार अर्धे शटर ओढून घेतो. गल्लीच्या तोंडाशी दोन खांबांवर बसवलेली लोखंडी टाकी तेवढी उन्हातच असते. कागदोपत्री तिचे नाव वितरण रोहित्र; गल्लीत तिला सगळे डीपी म्हणतात. घराघरातला कुलर तिच्या जिवावर फिरतो, आणि आपण तिच्याकडे पाहतो ते लाइन गेल्यावरच.

उपकेंद्रातून येणाऱ्या वाहिनीचा ११,००० व्होल्टचा दाब ही टाकी ४३३ व्होल्टवर उतरवते. आत पातळ पोलादी पत्र्यांचा गाभा, त्यावर तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची वेटोळी, वेटोळ्यांना कागदाचे आवरण, आणि हे सगळे खनिज तेलात बुडालेले. फॅरडेने १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. त्यावर बंद गाभ्याचे रोहित्र घडवले ते बुडापेस्टच्या गांझ कारखान्यात झिपर्नोव्स्की, ब्लाथी आणि डेरी या तिघांनी, १८८५ मध्ये. आपल्या कोपऱ्यावरच्या डीपीचे तत्त्व तेच आहे. वीज वाहून नेण्यासाठी तिच्यात काहीच फिरत नाही की घासत नाही. म्हणून नीट सांभाळली तर ती पंचवीस-तीस वर्षे सहज चालते. तिचा शत्रू आहे उष्णता.

प्रवाह वाहिला की वेटोळी तापतात. ती उष्णता तेल घेते, हलके होऊन वर चढते, टाकीच्या बाजूच्या नळ्यांमध्ये किंवा पंख्यांसारख्या पत्र्यांमध्ये शिरते, तिथे बाहेरच्या हवेला उष्णता देऊन निवते आणि जड होऊन पुन्हा तळाशी येते. पंप नाही, पंखा नाही. तेलाचे हे संथ अभिसरण चोवीस तास चालू असते. तेल चोरीला गेले किंवा गळून पातळी उतरली, तर वरच्या नळ्या कोरड्या पडतात आणि हे अभिसरण खुंटते. तेल चोरणाऱ्याच्या हाती एखादा डबा लागतो. गल्लीची डीपी जाते.

पूर्ण भारावर हे तेल भोवतालच्या हवेपेक्षा चाळीस-पन्नास अंशांनी जास्त तापू शकते. जानेवारीच्या रात्री हवा १५ अंशांवर असेल तर तेल साठीच्या आसपास राहते. २३ मे २०१३ रोजी नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा हवेत तेच तेल नव्वदीच्या घरात जाते आणि वेटोळ्यांचा आतला भाग त्याहून तापतो. ज्या हवेने निववायचे तीच भट्टीतून आल्यासारखी असते.

त्यात भाराचे गणित फार कठोर आहे. वेटोळ्यांतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. भार दीडपट झाला की उष्णता सव्वादोनपट होते. शिवाय तापलेल्या धातूचा रोध वाढतो, म्हणून ती आणखी थोडी चढते. तिचा मार बसतो तो कागदावर. वेटोळ्यांचा सर्वांत गरम बिंदू ९८ अंशांवर असेल तर साधा कागद ठरलेल्या गतीने जुना होतो. त्यापुढे दर सहा अंशांना ती गती दुप्पट होते. १०४ अंशांवर एका दिवसात दोन दिवसांचे आयुष्य जाते, ११० वर चार दिवसांचे. कागद तपकिरी पडतो, ठिसूळ होतो, आणि एखाद्या झटक्याने दोन वेढे एकमेकांना भिडतात. त्या दिवशी लोक म्हणतात, ‘डीपी जळाली.’ तिचे मरण मात्र त्याआधीच्या कितीतरी रात्रींत थोडे थोडे घडलेले असते.

रात्रींत, कारण रोहित्रालाही रात्र लागते. वेटोळी काही मिनिटांत तापतात, पण तेलाचा साठा तापायला आणि निवायला काही तास घेतो. दुपारचा ताण हे तेल थोडा वेळ पोटात घेऊ शकते. संध्याकाळी भार उतरला, हवा गार झाली, की पहाटेपर्यंत ते मोकळे होते आणि दुसऱ्या दिवसाला सामोरे जाते. पूर्वी उन्हाळ्यात अंगणात आणि गच्चीवर बाजा टाकून झोपायची पद्धत होती. घरातला वापर तेव्हा मिटायचा. आता तापलेल्या रात्री पारा तिशीच्या खाली यायला तयार नसतो, आणि दहानंतर भार उतरण्याऐवजी चढतो. रोहित्राला श्वास घ्यायला वेळ राहत नाही.

हा बदल कुलरपासून एसीपर्यंतच्या प्रवासातला आहे. वाळ्याच्या ताट्यांचा घरगुती कुलर साधारण २०० वॅट घेतो, दीड टनाचा एसी १,५०० च्या आसपास. म्हणजे एक एसी सात कुलरांइतका. शंभरच्या डीपीवर, म्हणजे १०० केव्हीएच्या रोहित्रावर, साठ एसी एकदम चालले तर ते भरून जाते. मग दिवा, पंखा, फ्रिज, पाण्याची मोटर यांना जागाच उरत नाही. शिवाय एसी खोलीतली उष्णता उचलून गल्लीत टाकतो, आणि गल्लीत डीपी उभी असते.

हे सगळे पहिल्यांदा कळते ते वायरमनला. टाँग टेस्टरने तो तिन्ही फेजचा प्रवाह मोजतो; एका फेजवर भार फार आणि दुसऱ्यावर कमी दिसला की जोडण्या हलवून तो वाटून देतो. टाकीत हवा जिथून आत-बाहेर होते त्या ब्रीदरमधल्या सिलिका जेलचा निळा रंग गुलाबी झाला, की टाकीत ओल शिरते आहे हे तो ओळखतो. सैल पडलेला जोड रात्री लाल दिसतो. डीओ, म्हणजे डीपीवरचा फ्यूज, उडाला की मध्यरात्री हेल्मेट-हातमोजे चढवून, लांब काठी घेऊन तो येतो. खाली जमलेली गल्ली चिडलेली असते आणि तोही घामाने निथळत असतो. त्याच्यावर ओरडण्याआधी त्याला तांब्याभर पाणी द्यावे.

वरच्या पातळीवरही तीच कथा आहे. उपकेंद्रांतल्या मोठ्या रोहित्रांपुढे कुलर लावून त्यांना गार ठेवण्याची धडपड कडक उन्हाळ्यात करावी लागते. तारा तापून लांबतात, झोळ खातात आणि त्यांची वाहण्याची क्षमता घटते. ३० मे २०२४ रोजी, नवतप्यातच, देशाची विजेची मागणी सुमारे २,५०,००० मेगावॉटवर गेली आणि ती भागवलीही गेली. पण देशात वीज पुरेशी आहे म्हणून आपल्या गल्लीत ती पोचेल असे नाही. शेवटचा दीडशे मीटरचा रस्ता डीपीतून जातो.

कोणत्या चौकात शंभरची बदलून दोनशेची डीपी बसवायची, कुठे दुसरी उभारायची, हे मुख्यतः मंजूर भाराच्या नोंदींवरून ठरते. त्या नोंदीत अनेक घरे अजून दोन पंखे आणि एका टीव्हीचीच आहेत. एसी आला, दुसरा आला, पण भार वाढवून घेण्याचा अर्ज गेला नाही. कागदावर जे रोहित्र निवांत आहे, ते प्रत्यक्षात रोज रात्री जळते. म्हणून नवा एसी घेतला की मार्चमध्येच वीज कार्यालयात भारवाढीचा अर्ज द्यावा, आणि शेजाऱ्यालाही द्यायला सांगावे. थोडे शुल्क भरावे लागेल. पण मे महिन्याच्या रात्री साऱ्या गल्लीचा घाम पुसणाऱ्या त्या टाकीवर आपले किती ओझे आहे, हे तिची काळजी घेणाऱ्यांना खरे सांगणे एवढे तरी आपल्या हातात आहे.