जॅक कुठे लावाल? विजेच्या गाडीचे पोट सांभाळा

कार्तिकी एकादशीला खोपोलीजवळच्या साजगावात बोंबल्या विठोबाची जत्रा भरते. सुकी मासळी हा तिथला नावाजलेला माल. त्याच गर्दीत कपड्यालाही गिऱ्हाईक मिळते. म्हणून गेल्या जत्रेला आम्ही चादरींचे दोन गठ्ठे घेऊन निघालो. गाडी भाच्याची, विजेवर चालणारी. साजगावच्या अलीकडे मागचे चाक बसले. रस्त्याकडेला पंक्चरचे दुकान होते, तिथे गाडी लावली.

दुकानातला पोऱ्या चटपटीत. त्याने ट्रॉली जॅक ओढत आणला, दोन चाकांच्या मधोमध गाडीखाली सरकवला आणि दांडा मारायला सुरुवात केली. भाचा ओरडला, "तिथे नको, तिथे बॅटरी आहे!" तोवर दोन दांडे मारून झाले होते. उस्ताद धावत आले आणि त्यांनी जॅक उतरवला. खाली वाकून पाहिले, तर सपाट पत्र्याला बशीएवढा खोलगट पोचा आला होता.

नशीब चांगले. कंपनीच्या वर्कशॉपने तपासून सांगितले की पोचा वरवरचा आहे, आतल्या बॅटरीला धक्का नाही. पण ती निकामी झाली असती, तर भरपाई कोणी करायची? अशी बॅटरी बदलायला लाखांत खर्च येतो. पंक्चरच्या दुकानाची वर्षाची कमाई दोन दांड्यांत गेली असती. उस्ताद म्हणाले, "शेठ, आजवर हजारो गाड्या उचलल्या. ही वेगळी उचलायची असते, हे आम्हाला कोणी सांगितलेच नाही." ते आम्हाला लागले. म्हणून हा लेख.

आमच्या कापडाच्या धंद्यात गासडीवर आकड्याचे चित्र काढून त्यावर फुली मारलेली असते. म्हणजे हमालाने आकडा लावू नये. एका भोकाने आतल्या किती थानांची वाट लागते, हे आम्हाला ठाऊक आहे. विजेच्या गाडीच्या पोटावर तशी फुली बाहेरून दिसत नाही. ती आपणच मनात काढून ठेवायची.

पेट्रोल-डिझेलच्या गाडीच्या पोटाखाली अशी बॅटरीची पेटी नसते, म्हणून जॅकची जागा थोडी चुकली तरी बहुधा निभावून जाते. आजच्या बहुतेक विजेच्या गाड्यांत पुढच्या व मागच्या चाकांमधली जवळजवळ सगळी जागा बॅटरीच्या पेटीने व्यापलेली असते. टाटांची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली. तिची पहिली बॅटरी ३०.२ किलोवॅट-तासांची, विजेचा दाब ३०० व्होल्टहून अधिक आणि गाडीचे वजन सुमारे १४०० किलो. एवढे वजन जॅकच्या तळहाताएवढ्या टोपीवर आले, तर पेटीचा तळ आत दबतो. आतल्या सेलला किंवा त्यांना थंड ठेवणाऱ्या नळ्यांना इजा होऊ शकते. ती लगेच दिसेलच असे नाही. दबलेला सेल काही तासांनी, कधी काही दिवसांनीही तापून पेट घेऊ शकतो.

मग उचलायची कशी? जाणकार मिस्त्रींकडून समजून घेतलेली रीत अशी :

१. गाडीबरोबरचे माहितीपुस्तक आधी पाहा. जॅकच्या जागा प्रत्येक गाडीच्या ठरलेल्या असतात. साधारणपणे पुढच्या चाकामागे आणि मागच्या चाकापुढे, दारांखालच्या पट्टीला खाच किंवा खूण असते. तेवढीच जागा आपली.

२. जमीन सपाट व टणक हवी. पावसाळ्यात आपल्या भागातली माती दबते, तेव्हा जॅकखाली जाड फळी घाला. हँडब्रेक ओढा, गाडी पूर्ण बंद करा, समोरच्या चाकांना दगड वा लाकडी ठोकळा लावा. माणसे खाली उतरवा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा.

३. जॅकच्या टोपीवर मधे खाच असलेला रबरी ठोकळा ठेवा. पट्टीची कड त्या खाचेत बसते, दबत नाही आणि जॅक घसरून बॅटरीकडे जात नाही. काही गाड्यांत पट्टीऐवजी भोक असते. तिथे त्या गाडीसाठीचाच ठोकळा लागतो.

४. थोडे उचला, थांबा, वाकून पाहा. जॅक सरळ असेल तरच पुढे उचला. गाडीखाली हात घालायचा असेल, तर कंपनीने सांगितलेल्या जागी घोडी लावल्याशिवाय घालू नका. नारिंगी रंगाच्या जाड वायरींना मुळीच हात लावू नका.

गॅरेजात दोन खांबी लिफ्ट असेल, तर तिचे हात खुणेच्या जागी नेमके लावा आणि ते पेटीला कुठे टेकत नाहीत ना, हे पाहा. चाके जमिनीवरून वीतभर उचलली की गाडी हलवून खात्री करा. लिफ्टची वजनाची मर्यादाही तपासा. चाकांवरच गाडी उचलणारी चार खांबी लिफ्ट पोटाला स्पर्श करत नाही, म्हणून अधिक निर्धास्त.

चुकून पोचा पडलाच, तर लपवू नका. गिऱ्हाइकाची गाडी ही आपल्याकडची अमानत आहे. मालकाला सांगा, गाडी चार्जिंगला लावू नका, इतर गाड्यांपासून दूर उघड्यावर ठेवा आणि कंपनीला तपासू द्या. धूर, वेगळा वास किंवा फसफस जाणवली, तर दूर व्हा आणि अग्निशमन दलाला बोलवा. बंद पडलेली गाडी दोरी बांधून ओढू नका. मोटर जोडलेली चाके फिरली की मोटर वीज तयार करू लागते. चारही चाके वर घेणारा ट्रकच मागवा.

हे सारे आपल्या भागातल्या कारागिरांनी का शिकावे? १९१५ साली खोपोलीच्या वीजघरातून टाटांची वीज मुंबईच्या कापड गिरण्यांना जाऊ लागली. आता वीज गाड्यांत बसून याच खोपोलीवरून बोरघाट चढते आहे. राज्य सरकारच्या २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर विजेच्या चारचाकींना टोलमाफी आहे. या गाड्या वाढणार. त्यांना इंजिन ऑइल लागत नाही, पण पंक्चर होतेच. टायर, ब्रेक, सस्पेन्शन झिजतातच. हे काम कोणाच्या दारात येईल? जो गाडी नीट उचलतो त्याच्या.

भांडवल फार नाही. चार रबरी ठोकळे, दोन चांगल्या घोड्या आणि पोऱ्याला शिकवायला अर्धा तास. साजगावच्या त्या दुकानात परतीच्या वाटेवर आम्ही पुन्हा थांबलो, तेव्हा जॅकच्या टोपीवर जुन्या टायरमधून कापलेला ठोकळा बसवलेला होता. पोऱ्या आम्हाला पाहून हसला आणि म्हणाला, "आता आधी खाली वाकून बघतो."