कोलेस्टेरॉलचें संशोधन : सशापासून सुईपर्यंत



पूर्वीं साठीच्या घरांतील चार माणसें एकत्र जमलीं म्हणजे पाऊसपाणी, पिकें आणि मुलाबाळांचीं लग्नें यांविषयीं बोलत. आतां तीं रक्तपरीक्षेच्या कागदाविषयीं बोलतात. "माझें कोलेस्टेरॉल २४० निघालें," असें एकानें म्हणावें, आणि दुसऱ्यानें लागलेंच उत्तर द्यावें कीं, "त्यांत कांहीं अर्थ नाहीं. कालपर्यंत अंडें वर्ज्य होतें, आज तें ग्राह्य झालें. या विद्वानांचें मत घटकेंत बदलतें." या आक्षेपांत मुळींच तथ्य नाहीं असें मी म्हणणार नाहीं. परंतु त्याच्या जोरावर चालूं औषध परस्पर बंद करणारे गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. म्हणून या संशोधनांत बदललें काय आणि टिकलें काय, हें आज थोडें उलगडून पाहावें असा विचार आहे. मी वैद्य नाहीं. जन्मभर खडू हातीं धरलेला शिक्षक आहें.

कोलेस्टेरॉल हें विष नव्हे, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. शरीरांतील प्रत्येक पेशीच्या वेष्टनांत तें असतें. पित्त, कित्येक अंतःस्राव आणि 'ड' जीवनसत्त्व हीं त्याच्यावांचून बनत नाहींत. त्याचा बहुतेक भाग शरीर स्वतःच तयार करतें. परंतु हा पदार्थ मेणासारखा असल्यामुळें पाण्यांत, अर्थात् रक्तांतही, विरघळत नाहीं. म्हणून तो प्रथिनांशीं बांधून, सूक्ष्म गाठोडीं करून, रक्तांतून नेला जातो. त्यांपैकीं एका जातीच्या गाठोड्यांस एल्. डी. एल्. म्हणतात व दुसऱ्या जातीच्या एच्. डी. एल्. पहिल्यास लोक 'वाईट' आणि दुसऱ्यास 'चांगलें' कोलेस्टेरॉल म्हणूं लागले. हीं विशेषणें सुटसुटीत आहेत खरीं, पण त्यांनीं पुढें मोठाच घोटाळा केला. तो यथाक्रम येईल.

आरंभ सशापासून झाला. १९१३ सालीं रशियांतील सेंट पीटर्सबर्ग येथें निकोलाय अनिच्कोव्ह या तरुण वैद्यानें सशांस सूर्यफुलाच्या तेलांत विरघळविलेलें शुद्ध कोलेस्टेरॉल खाऊं घातलें, तेव्हां मनुष्याच्या हृद्रोगांत आढळतात तशीं मेदाचीं पुटें त्यांच्या धमन्यांत चढलेलीं दिसलीं. इतरांनीं उंदीर आणि कुत्रा यांवर तसाच प्रयोग केला. तेथें कांहींच घडलें नाहीं! तेव्हां 'ससा हा गवत खाणारा प्राणी. त्याला असलें अन्न घातल्यावर दुसरें काय होणार?' असें म्हणून पुष्कळांनीं हा विषयच बाजूस सारला. वस्तुतः दोन्ही प्रयोग खरे होते. उंदीर व कुत्रा यांचें यकृत जादा कोलेस्टेरॉलचें भराभर पित्तांत रूपांतर करतें, म्हणून त्यांच्या रक्तांतील प्रमाण फारसें वाढत नाहीं; सशाला तें साधत नाहीं. म्हणजे पानांत काय पडलें यापेक्षां रक्तांत काय उरलें, हा खरा प्रश्न. एवढी एकच गोष्ट तेव्हां नीट ओळखली गेली असती, तर अंड्यावरून पुढें माजलेला वाद पुष्कळ कमी झाला असता.

मनुष्यावर सशासारखा प्रयोग करतां येत नाहीं. वाट पाहावी लागते. अमेरिकेंतील फ्रेमिंगहॅम या गांवीं १९४८ पासून ५,२०९ स्त्रीपुरुषांची वर्षानुवर्षें तपासणी होत गेली, आणि १९६१ सालीं त्या संशोधकांनीं दाखविलें कीं, ज्यांचें कोलेस्टेरॉल व रक्तदाब अधिक, त्यांस हृद्रोगही अधिक. पण बरोबर आढळणें म्हणजे कारण असणें नव्हे. कोंबडें आरवतें आणि उजाडतें, म्हणून कोंबड्यानें सूर्य आणला असें कोणी म्हणत नाहीं.

कारणाचा धागा हातीं आला तो कांहीं अभागी मुलांमुळें. एका दुर्मिळ आनुवंशिक रोगांत, आई व बाप या दोघांकडून दोष आला तर, मुलाच्या रक्तांत जन्मापासूनच कोलेस्टेरॉल नेहमींच्या कित्येक पट असतें आणि शाळेंत जाण्याच्या वयांतही त्याला हृदयविकाराचा झटका येऊं शकतो. ना तंबाखू, ना मधुमेह, ना संसाराची काळजी! मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टाइन या दोन डॉक्टरांनीं डॅलस येथें १९७३ च्या सुमारास अशा रोग्यांच्या त्वचेच्या पेशी काचपात्रांत वाढवून पाहिल्या. निरोगी पेशीच्या पृष्ठभागावर एल्. डी. एल्.चीं गाठोडीं पकडून आंत ओढणारे जणूं हात असतात. या मुलांच्या पेशींना ते नव्हते, किंवा होते ते निकामी होते. गाठोडीं उतरवून घेणारा कोणी नाहीं, म्हणून तीं रक्तांतच हिंडत राहतात आणि अखेर धमनीच्या भिंतींत शिरतात. यकृतावर असे हात जितके अधिक, तितकें रक्त स्वच्छ. या शोधाबद्दल दोघांस १९८५ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

हे हात वाढवावयाचे कसे, याचें उत्तर जपानांत तयार होत होतें. अकिरा एंडो हे शेतकऱ्याच्या घरचे. पेनिसिलिनच्या शोधाची हकीकत वाचून बुरशीच्या नादीं लागलेले. शरीर कोलेस्टेरॉल बनवितें ती क्रिया अडविणारें द्रव्य एखाद्या बुरशींत असेल, अशी त्यांची अटकळ होती. टोकियोंतील एका औषधकंपनींत त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बुरशीचे सुमारें ६,००० नमुने तपासले. १९७३ सालीं तें द्रव्य सांपडलें, तें क्योटो येथील धान्याच्या दुकानांतून आणलेल्या तांदळावरील बुरशींत! आपल्याकडे असा तांदूळ कोणतीही गृहिणी उकिरड्यावर टाकील, आणि तेंच योग्य होय. मग उंदरांना औषध दिलें, उपयोग शून्य. पुन्हां उंदीरच आडवा आला. काम गुंडाळण्याची वेळ आली असतां १९७६ सालीं एंडो यांनीं एका सहकाऱ्याकडून अंडीं देणाऱ्या कोंबड्या मागून घेतल्या. अंड्यांत कोलेस्टेरॉल भरपूर. तेव्हां कोंबडीचें शरीर तें भरपूर बनवीत असलें पाहिजे, हा साधा तर्क. त्या कोंबड्यांच्या रक्तांतील कोलेस्टेरॉल जवळजवळ निम्म्यावर आलें. तें पहिलें औषध बाजारांत आलें नाहीं, पण त्याच कुळांतील लोव्हास्टॅटिन १९८७ सालीं अमेरिकेंत मंजूर झालें, आणि आज स्टॅटिन म्हणून ज्या गोळ्या घरोघर दिसतात त्यांचें घराणें हेंच. यकृताला आंत कोलेस्टेरॉल बनवितां येईनासें झालें म्हणजे बाहेरचें पकडण्यासाठीं तें आपले हात वाढवितें. एंडो २०२४ सालीं वयाच्या ९० व्या वर्षीं वारले. नोबेल पारितोषिक त्यांच्या वांट्यास आलें नाहीं, याची मला चुटपुट लागून राहिली आहे.

तरीही 'आंकडा उतरला, पण आयुष्य वाढलें का?' हा प्रश्न उरलाच होता. त्याचें उत्तर १९९४ सालीं स्कँडिनेव्हियांतून आलें. हृद्रोग असलेल्या ४,४४४ रोग्यांपैकीं अर्ध्यांस स्टॅटिन व अर्ध्यांस तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी दिली होती. पांच वर्षांहून थोड्या अधिक काळांत रिकामी गोळी घेणाऱ्यांतील २५६ आणि स्टॅटिन घेणाऱ्यांतील १८२ रोगी दगावले.

आतां त्या घोटाळ्याकडे वळूं. 'चांगलें' कोलेस्टेरॉल ज्यांचें अधिक त्यांस हृद्रोग कमी, हेंही पाहणींत दिसलें होतें. मग तें वाढविणारें औषध काढलें. आंकडा छान चढला. पण १५,००० हून अधिक लोकांवर चाललेला तो प्रयोग २००६ सालीं मध्येंच थांबवावा लागला, कारण औषध घेणाऱ्यांतच मृत्यु अधिक होऊं लागले. त्या औषधाचे स्वतःचे दोष होते हें खरें, तथापि पुढील औषधांनींही ती आशा पुरी केली नाहीं. येथें कोंबडें नुसतें आरवत होतें! अंड्याविषयींचें मत बदललें तेंही तपासूनच. अन्नांतून कोलेस्टेरॉल अधिक आलें तर बहुतेकांचें यकृत स्वतःचें उत्पादन आवरतें, म्हणून २०१५ ते २०२० या काळासाठींच्या अमेरिकन आहारसूचनांत रोजची ३०० मिलिग्रॅमची जुनी मर्यादा आंकड्यानें सांगितलेली नाहीं. मात्र अंड्याला माफी मिळाली म्हणून लोणी, तूप व वनस्पति यांना ती मिळाली असें कोणी समजूं नये. त्या घट्ट मेदानें यकृतावरचे हातच कमी होतात.

एल्. डी. एल्.ची गोष्ट मात्र ज्या बाजूनें पारखावी त्या बाजूनें पक्की होत गेली. २००३ सालीं फ्रेंच संशोधकांनीं पी. सी. एस्. के. ९ या जनुकाचा कोलेस्टेरॉलशीं संबंध दाखविला. त्याचें प्रथिन यकृतावरचे हात मोडून टाकतें. २००६ सालीं डॅलसच्या संशोधकांनीं नाण्याची दुसरी बाजू पुढें ठेवली. कांहीं कृष्णवर्णीय अमेरिकनांत हें जनुक जन्मतःच निकामी असतें. त्यांचें एल्. डी. एल्. २८ टक्क्यांनीं कमी, आणि हृद्रोग ८८ टक्क्यांनीं कमी! गोळीनें याहून अधिक उतार पडतो, पण हृद्रोग इतका टळत नाहीं. हें असें कां? चक्रवाढ व्याजाचें गणित ज्यानें केलें आहे त्याला हें चटकन् कळेल. गोळी साठाव्या वर्षीं सुरू होते. त्या लोकांची सूट पाळण्यापासून चालूं असते. त्या प्रथिनाला अडविणाऱ्या सुया २०१५ पासून मिळूं लागल्या, आणि २०२० सालीं युरोपांत मंजूर झालेली एक सुई तर, आरंभींच्या मात्रांनंतर, वर्षांतून दोनदांच घ्यावी लागते. किंमत मात्र सामान्य गृहस्थाला जड आहे.

आपल्याकडील चित्र थोडें निराळें आहे. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणींत महाराष्ट्रही होता. तींत एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले सुमारें १४ टक्केच, परंतु रक्तांतील मेदाचा एखादा तरी दोष असलेले ७९ टक्के निघाले. 'दोनशेंच्या आंत आहे' म्हणून निश्चिंत होणाऱ्यानें कागदावरील खालच्या ओळीही वाचाव्या.

राहिली गोष्ट गोळीच्या त्रासाची. अंग दुखतें म्हणून पुष्कळ लोक स्टॅटिन सोडतात. तें दुखणें खोटें नसतें. क्वचित् स्नायूंना खरीच इजा होते, कांहींची साखरही किंचित् वाढते. परंतु अशा तक्रारींमुळें गोळी सोडलेल्या ६० लोकांवर लंडन येथें एक मार्मिक प्रयोग झाला व तो २०२० सालीं प्रसिद्ध झाला. प्रत्येकास बारा महिन्यांच्या बारा बाटल्या दिल्या : चारांत स्टॅटिन, चारांत रिकामी गोळी, आणि चार अगदींच मोकळ्या. क्रम चिठ्ठ्या टाकावा तसा, आणि गोळी कोणती हें घेणाऱ्यास ठाऊक नाहीं. रोज त्रास किती झाला तें त्यांनीं नोंदवावयाचें. वर्षअखेरीस हिशेब केला, तेव्हां स्टॅटिनच्या महिन्यांत जो त्रास झाला त्याचा ९० टक्के भाग रिकाम्या गोळीच्या महिन्यांतही झालेला आढळला. आपापला हिशेब पाहिल्यानंतर त्यांतील निम्म्या लोकांनीं गोळी पुन्हां सुरू केली.