क्रम चुकला तरी चूक दिसत नाही

उदगीरचा पिनकोड ४१३५१७. पहिला ४ टपालाचा पश्चिम विभाग सांगतो, पहिले तीन अंक मिळून सॉर्टिंगचा जिल्हा आणि शेवटचे तीन वाटपाचे टपाल कार्यालय. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली ही पद्धत आखली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. ते केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अधिकारी होते आणि संस्कृत कवीही. मात्रा मोजणाऱ्याने अंकांचे कप्पे पाडावेत यात नवल नाही. पण उदगीरच्या पिनकोडातला दुसरा आणि तिसरा अंक उलटे पडले की होतात ४३१५१७, म्हणजे अंबाजोगाई. दोन्ही आकडे खरे, त्यामुळे नुसता आकडा पाहणाऱ्या यंत्राला शंका येण्याचे कारणच नाही. आधारच्या बारा अंकांत शेवटचा अंक पडताळणीचा असतो आणि शेजारच्या अंकांची अशी अदलाबदल तो पकडतो. पिनकोडात तशी सोय नाही. अर्थात पाकिटावर गावाचे नाव असे आणि ते वाचायला माणूस असे, म्हणून तेव्हा ती फारशी लागलीही नसावी.

संगणकाच्या नोंदीत ते नाव असेलच असे नाही. पिनकोड अक्षरे म्हणून ठेवला तर ४८ बिट लागतात. संख्या म्हणून तो २० बिटांत मावतो, कारण तेवढ्यांत १०,४८,५७६ वेगवेगळ्या संख्या बसतात. त्याच नोंदीत माणसाच्या वयाला ७ बिट दिले की १२७ वर्षांपर्यंतची सोय झाली. उरलेल्या ५ बिटांत होय-नाही अशी पाच उत्तरे. सगळी नोंद ३२ बिटांत. मेमरी स्वस्त असताना ही कंजुषी कशाला, असे कोणी विचारेल. एका दुकानाच्या गिऱ्हाइकांच्या यादीपुरता तो प्रश्न रास्त आहे. मात्र इंटरनेटच्या आयपी (आवृत्ती ४) पाकिटाचा पहिला बाइटच चार-चार बिटांत विभागलेला असतो: आधी आवृत्ती, मग शीर्षकाची लांबी. तिथे काटकसर ऐच्छिक नाही, मांडणी ठरलेलीच आहे.

आणि नेमक्या तिथेच सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा हात वर करते. बिटांच्या कप्प्याची रुंदी लिहू देते, पण कप्पे कोणत्या टोकापासून भरायचे ते कंपायलरवर सोडते. एका यंत्राने भरलेली नोंद दुसऱ्याने उलट्या क्रमाने वाचली, तरी हाती येणारी संख्या वैध दिसू शकते, उदगीर-अंबाजोगाईचाच घोळ. १९८३ मध्ये प्रमाणित झालेल्या अडा भाषेत कोणता कप्पा कोणत्या बिटापासून कोणत्या बिटापर्यंत, हे घोषणेतच लिहिता येते. यावर आक्षेप असा की कंपायलरचे हात बांधले तर प्रोग्रॅम मंदावतो. खरे आहे, आणि म्हणूनच यंत्राच्या आत राहणाऱ्या नोंदी खुशाल कंपायलरवर सोडाव्यात. बाहेर जाणाऱ्या नोंदीला मात्र ही सूट परवडत नाही. नवी भाषा घडवणाऱ्यांनी रुंदीसोबत क्रम लिहिणेही सक्तीचे करावे. बाइटांचा क्रमसुद्धा, कारण तोही यंत्रागणिक बदलतो.