उद्या सभा आहे

सकाळी पावणेदहा

उद्या अकरा वाजता नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा. आमच्या एका नगरसेविका ताईंचं प्रश्नांचं पत्र सभेच्या नोटिशीपाठोपाठच बारनिशीत आलं होतं. त्यावर आवक क्रमांक पडला, सीओ (मुख्याधिकारी) साहेबांनी हिरव्या शाईत ‘संबंधित विभाग, अहवाल सादर करा’ असा शेरा मारला आणि त्याच्या प्रती चार टेबलांवर जाऊन बसल्या. मधल्या काळात मी स्मरणपत्र काढलं. दोन विभागांनी ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’ असं कळवलं. म्हणजे कपाट अजून उघडलेलं नाही.

मी सभा लिपिक. विषयपत्रिका काढणं, नोटिसा बजावणं, इतिवृत्त लिहिणं आणि सदस्यांच्या प्रश्नांची उत्तरं जुळवणं हे माझं काम. गाव कुठलं ते सांगत नाही. धाराशिव जिल्ह्यात धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा, मुरूम, कळंब, भूम आणि परंडा अशा आठ नगरपरिषदा आहेत, त्यांतली हवी ती धरा. टेबलं सगळीकडे सारखीच आहेत.

पत्रात चार प्रश्न. वरच्या गल्लीला गेल्या तीन महिन्यांत कोणकोणत्या तारखांना पाणी सुटलं? पंधराव्या वित्त आयोगाचा किती निधी आला आणि आमच्या प्रभागात किती खर्च झाला? शाळेमागचा सिमेंट रस्ता कुणी केला, केव्हा केला, आता उखडला तर दुरुस्ती कुणाच्या खर्चाने? आणि मालमत्ता कराचे मोठे थकबाकीदार कोण?

साधे प्रश्न आहेत. पण २०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्या मंडळींची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली आणि पुढचं मतदान झालं २ डिसेंबर २०२५ ला. मतमोजणी तर २१ तारखेपर्यंत लांबली. मधली चार वर्षं प्रशासक. बऱ्याच गावांत मुख्याधिकारीच प्रशासक होते. मुख्याधिकारी म्हणून टिपणी सादर करायची आणि प्रशासक म्हणून तीच मंजूर करायची. ठराव वहीत रीतसर क्रमांक पडत होते, सभागृहातल्या खुर्च्यांवर धूळ बसत होती. आम्हा कर्मचाऱ्यांना ते सोयीचं गेलं, खोटं कशाला बोलू? कुणी विचारायला येत नसलं की कपाट लावून ठेवायचं कारण उरत नाही. आता सगळ्यांची धावपळ आहे ती प्रश्न अवघड आहेत म्हणून नाही, सवय मोडली म्हणून.

साडेदहा

पाणीपुरवठा विभाग. अभियंत्यांनी उत्तर तयारच ठेवलं होतं, ‘शहरास सरासरी पाच दिवसांआड पाणीपुरवठा करण्यात येतो.’

“साहेब, ताईंनी तारखा विचारल्यात.”

“तारखा कुठं असतात हो? सरासरी असते.”

त्यांचंही चूक नाही. शासनाला जो अहवाल जातो त्यात सरासरीच मागतात. भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर हा निकष. जलकुंभात किती पाणी चढलं त्याला लोकसंख्येने भागायचं आणि आकडा लिहायचा. तो आकडा बहुतेक वेळा बरा दिसतो. टाकीजवळच्या गल्लीत मोटार लावून हौद भरून रस्ता धुतला जातो आणि टेकाडावरच्या गल्लीत घागर भरत नाही, हे भागाकारात येत नाही. ताईंनी सरासरी न विचारता तारखा विचारल्या तिथेच मला कळलं की ही बाई उद्या सभागृह गाजवणार.

जलशुद्धीकरण केंद्रावरच्या नोंदवहीत पंप किती वाजता सुरू झाला, किती वाजता बंद झाला, तुरटी किती, ब्लिचिंग किती, ओटी टेस्टला पाणी पिवळं आलं की नाही, एवढं असतं. कुठल्या गल्लीचा व्हॉल्व्ह केव्हा फिरवला ते त्यात नसतं. ते असतं व्हॉल्व्हमनकडे. आमचे व्हॉल्व्हमन मामा निवृत्तीला टेकलेत. त्यांच्या शर्टाच्या खिशात एक पॉकेट डायरी असते, खताच्या दुकानाने दिवाळीला वाटलेली.

“मामा, वरच्या गल्लीला पाणी सोडता का नाही?”

“सोडालाव की. कोण म्हणतंय न्हाई?”

“कधी कधी सोडलं ते सांगा.”

मामांनी डायरी काढली. प्रत्येक पानावर गल्लीचं पहिलं अक्षर, सुरू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ. मध्येच ‘लाईट न्हाई’, ‘मोटार जळाली’, ‘लग्न – अर्धा तास जादा’. तीन महिन्यांचा हिशेब उतरवून घ्यायला तास गेला. बहुतेक पाळ्या पाच-सहा दिवसांच्या निघाल्या. एक मात्र नऊ दिवसांची. मोटार जळाली होती तेव्हाची.

अभियंत्यांनी कागद पाहिला आणि म्हणाले, “ही खासगी डायरी आहे. कार्यालयीन अभिलेख नाही.” मी म्हटलं, साहेब, कार्यालयीन अभिलेखात ही माहिती नाही आणि खासगी डायरीत आहे, हे लेखी दिलं तर जास्त अडचणीचं होईल. ते हसले आणि त्यांनी सही केली.

पाण्याबाबत आमचं त्यातल्या त्यात बरं म्हणायचं. धाराशिव शहराला पाणी येतं ते उजनीहून, सोलापूर जिल्ह्यातल्या भीमेवरच्या धरणातून. शंभर किलोमीटरच्या आसपासची जलवाहिनी, टप्प्याटप्प्याने उपसा. मध्ये कुठे वीज गेली किंवा वाहिनीचा जोड सुटला की इकडचं वेळापत्रक कोलमडतं. तिथल्या सभा लिपिकाला पाण्याच्या प्रश्नाचं उत्तर लिहिताना दुसऱ्या जिल्ह्याचाही हवामान अंदाज बघावा लागत असेल.

बारा

लेखा विभाग. लेखापाल मॅडमकडे पंधराव्या वित्त आयोगाचा हिशेब चोख. २०२१ ते २०२६ या पाच वर्षांचा आयोग, त्यातला साठ टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित, चाळीस टक्के अबंधित. कुठला हप्ता कुठल्या तारखेला जमा झाला तेही पाठ. पण प्रभागनिहाय खर्च विचारला की त्या चष्मा काढतात.

“आमचे हिशेब लेखाशीर्षाने असतात. प्रभागाने नसतात. ‘माहिती उपलब्ध नाही’ लिहा.”

या ‘उपलब्ध नाही’वर माझा जुना राग आहे. माहिती नसणं वेगळं आणि विचारलेल्या नमुन्यात नसणं वेगळं. प्रत्येक कार्यारंभ आदेशात कामाचं ठिकाण लिहिलेलं असतं. आदेश काढून बसलं की प्रभाग आपोआप निघतो, फक्त बसावं लागतं. मॅडमना मार्चअखेरची घाई, अंदाजपत्रक तोंडावर, त्यात लेखापरीक्षणाच्या जुन्या आक्षेपांची उत्तरं थकलेली. त्यांना बसवत नाही हे मलाही कळतं. शेवटी त्यांच्याकडच्या मुलाला हाताशी घेऊन मीच आदेश चाळले. ताईंच्या प्रभागात या निधीतून दोन कामं निघाली, एक गटारीचं आणि एक जलवाहिनी बदलायचं. शेजारच्या प्रभागातली मी मुद्दाम मोजली नाहीत. ते उद्या तिथले सदस्य मोजतील.

दीड

डबा. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मेथी. मध्येच एका दुसऱ्या नगरसेविकांच्या यजमानांचा फोन: “आमच्या मिसेसच्या नावाने पण दोन प्रश्न टाका की.” मी सांगितलं, सही तुमच्या मिसेसचीच लागेल. निम्म्या जागा महिलांना राखीव झाल्या त्याला आता बरीच वर्षं झाली, तरी यजमानांचा फोन काही थांबत नाही.

दोन

बांधकाम विभाग. रस्त्याची संचिका सापडायलाच वेळ गेला, कारण ती लेखापरीक्षणाच्या गठ्ठ्यात होती. सापडली तेव्हा पूर्ण होती. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, ई-निविदा, करारनामा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, अंतिम देयक. सगळं प्रशासक काळातलं. कनिष्ठ अभियंत्यांचा कच्चा मसुदा होता: ‘सदर रस्त्याची दुरुस्ती निधी उपलब्धतेनुसार प्रस्तावित करण्यात येईल.’

करारनामा उलगडला तर दोषदायित्वाचा कालावधी अजून संपलेला नाही. म्हणजे तोवर रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करून द्यायचा, आणि त्याची सुरक्षा ठेव अजून आपल्याकडेच आहे. निधीचा विषयच येत नाही. अभियंत्यांनी करार पुन्हा वाचला, पान उलटलं, तारीख पाहिली. “अरेच्चा.” मग म्हणाले, “कुणी तक्रारच केली नव्हती.”

मग आम्ही दोघं मोटारसायकलवर रस्ता बघून आलो. शाळेमागे वळणावर पृष्ठभाग सुटलाय, खडी वर आलीय, शाळेतली पोरं तीच खडी गोळा करून खेळत होती. समोरच्या घरातल्या आजी म्हणाल्या, “मोजून जातेत, मंग येत न्हाईत.” अभियंत्यांनी फोटो काढले, आल्याबरोबर ठेकेदाराला नोटीस टंकायला बसले. माझ्या मते आजच्या दिवसातलं सगळ्यात उपयोगाचं काम हेच. करावं लागलं ते फक्त संचिका उघडून वाचणं, आणि ती उघडली एका प्रश्नामुळे. कालावधी संपल्यावर हाच प्रश्न आला असता तर तोच खर्च नगरपरिषदेच्या माथी बसला असता.

साडेतीन

करविभाग. करनिरीक्षकांनी दार लावून घेतलं. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती लागते, त्यामुळे जुनी नावं दर वर्षी जाडजूड होत जातात. काहींचे वाद कोर्टात, काहींच्या इमारतीचे तीन वारस आणि कुणीच भरायला तयार नाही, काहींनी चतुर्थ वार्षिक आकारणीवर हरकत घेतलेली. यादी देण्यात अडचण एवढीच की त्यातल्या काहींचे नातलग उद्या सभागृहात बसलेले असतील. उमेदवारांनी स्वतःची थकबाकी अर्ज भरण्याआधीच भरली, कारण थकबाकी नसल्याचा दाखला जोडावा लागतो. भावाचा, मेव्हण्याचा दाखला कुणी मागत नाही.

“नावं द्यायची का?”

“साहेबांना विचारू,” मी म्हटलं. कर्मचाऱ्याने स्वतःच्या अंगावर किती घ्यायचं यालाही मर्यादा आहे.

साडेचार

ताई स्वतः आल्या, एकट्या. आदल्या दिवशी अर्ज दिला होता, अभिलेख बघायचा म्हणून. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाने सदस्याला तो हक्क दिला आहे: कामातली हयगय निदर्शनास आणायची, आपल्या भागाच्या गरजा मांडायच्या, कार्यालयीन वेळेत कागद बघायचे. कायद्याने प्रश्न असतो अध्यक्षांना. उत्तर अध्यक्षच देतील, पण ते लिहिलेलं असेल आमच्या टेबलावर.

ताई पहिल्यांदाच निवडून आल्यात. आधी बचत गटाचा हिशेब ठेवायच्या, त्यामुळे वही कशी वाचायची ते त्यांना शिकवावं लागत नाही. त्यांनी मामांची डायरी मागितली. मामा अवघडले. “ताई, अक्षर बरं न्हाई माजं.”

“मामा, तारखा बऱ्या आहेत की,” त्या म्हणाल्या आणि नऊ दिवसांच्या पाळीवर बोट ठेवून मोबाईलवर फोटो काढून घेतला. मला वाटलं आता चिडतील. त्यांनी फक्त विचारलं, “मोटार एकच आहे का? दुसरी का नाही?” पर्यायी पंप होता, पण तोही दुरुस्तीला गेलेला. मी तसं सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

साडेसहा

सीओ साहेबांची केबिन. कार्यालय सव्वासहाला सुटलं, पण सभेच्या आदल्या दिवशी घड्याळ कुणी बघत नाही. साहेबांनी मसुदा वाचला. पाण्याच्या तारखांच्या तक्त्यापाशी थांबले.

“एवढं द्यायचं?”

“विचारलंय, साहेब.”

“उपप्रश्न येतील. आणि ठरावाविरुद्ध कुणी जिल्हाधिकाऱ्यांकडे कलम ३०८ खाली गेलं तर हेच कागद जोडतील.”

नऊ दिवसांच्या पुढे त्यांनी ‘तांत्रिक कारणास्तव’ लिहिलं. मी उभाच राहिलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ते दोन शब्द खोडले आणि लिहिलं: ‘पंपाची मोटार जळाल्याने, पर्यायी पंप दुरुस्तीस असल्याने.’ साहेब तरुण आहेत, बदलीवर येऊन वर्षही झालं नाही, जळालेल्या मोटारीशी त्यांचा तसा संबंध नाही. तरी सही त्यांची जाणार आणि सभागृहात उभं त्यांनाही राहावं लागणार. थकबाकीदारांची नावं त्यांनी ठेवली. न्यायप्रविष्ट प्रकरणं वेगळ्या तक्त्यात टाकायला सांगितली, जे योग्यच आहे.

पाऊण तास टंकलेखन. युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर छपाईत ‘र्‍या’ला दगा देतो तो आजही दिला. मग झेरॉक्स, प्रत्येक सदस्याला एक प्रत, टाचण्या, पाकिटं.

आठ

पाकिटं लावत असताना ताईंचा फोन.

“भाऊ, एक उपप्रश्न उद्या तोंडी विचारणार आहे, आधी सांगून ठेवते. मोटार जळालेल्या त्या नऊ दिवसांत टँकर कुठल्या गल्लीत गेले, किती फेऱ्या झाल्या?”

टँकरचं लॉगबुक वाहन विभागात असतं. तिथले मुकादम सहालाच घरी जातात, पण फोन उचलतात. मी नंबर लावला.