चिठ्ठी दप्तरातच राहते

चौथीचा वर्ग. मागच्या बाकावरचा मुलगा हजेरीला दुसऱ्या हाकेला ओ देतो. श्रुतलेखनात बाई ‘पाट’ म्हणाल्या की हा ‘पाठ’ लिहितो. प्रगतिपुस्तकात शेरा ठरलेला : लक्ष देत नाही. मग एक दिवस तपासणीचं पथक येतं, डॉक्टर कानात उजेड पाडून बघतात, तर पडद्याला भोक. कान वर्षभर वाहतोय आणि घरी त्यात कोमट तेल सोडणं चालू आहे. पोराचं लक्ष होतं, ऐकू येत नव्हतं.

हे पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं. फेब्रुवारी २०१३ मध्ये या योजनेची देशातली सुरुवात आपल्याच पालघरमधून झाली. दोन डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. जन्मजात व्यंग, जीवनसत्त्वांची कमतरता, लहानपणचे आजार आणि वाढीतला विलंब असं सगळं अठरा वर्षांपर्यंत तपासायचं. दुभंगलेल्या ओठापासून हृदयाच्या छिद्रापर्यंतच्या शस्त्रक्रिया याच वाटेने मोफत होतात. योजना चांगलीच आहे.

घोडं अडतं ते पुढे. डॉक्टर चिठ्ठी देतात, ‘ग्रामीण रुग्णालयात दाखवा.’ चिठ्ठी दप्तरात जाते आणि तिथेच चुरगळते. आईने रुग्णालय गाठायचं तर एक रोज बुडतो. कानाचे डॉक्टर त्या दिवशी नसले तर दुसराही. आणि ज्या बाईंनी त्याला पुढच्या बाकावर बसवायला हवं, त्यांना चिठ्ठीत काय लिहिलंय हे कुणी सांगितलेलंच नसतं.

याचं कारण शोधायला लांब जायला नको. तपासणी आरोग्य खात्याची. समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक शालेय शिक्षण खात्याचे; गावोगाव फिरणाऱ्या या शिक्षकाच्या वाट्याला बऱ्याच शाळा असतात. दिव्यांगांच्या विशेष शाळा तिसऱ्याच, दिव्यांग कल्याण विभागाच्या. मूल एक, फायली तीन.

वर चाळीस टक्क्यांचा घोळ. अपंगत्व चाळीस टक्के भरलं तर काही सवलती मिळतात, हे खरं. पण म्हणून ‘आधी प्रमाणपत्र आणा, मग बघू’ असं मुख्याध्यापकांनी म्हणायचं कारण नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं सोळावं कलम सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक शाळेला दिव्यांग मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करायला सांगतं, आणि त्यात चाळीसचा आकडा नाही. वाचन-लेखनातली अध्ययन अक्षमता लवकर ओळखणं हेही त्याच कलमात शाळेचं काम म्हणून लिहिलेलं आहे. एका कानाने कमी ऐकणारं मूल चाळीस टक्क्यांत बसेलच असं नाही; पहिल्या बाकावर मात्र नक्की बसतं.

फिट येणाऱ्या मुलांचं तर विचारूच नका. आपल्या बहुतेक शाळांत परिचारिका नाही. मूल कोसळलं की कुणी कांदा फोडायला धावतं, कुणी चप्पल हुंगवतं, कुणी दातांत चमचा घालतं. करायचं एवढंच : कुशीवर वळवा, आजूबाजूचं टोकदार काही असेल ते सरकवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८ ला फोन. हे पाचवीच्या मुलांनाही शिकवता येतं. आणि गोळीमुळे सकाळच्या तासाला पेंगणाऱ्या पोराला आळशी म्हणू नये, हे शिक्षकांना.

तेव्हा पुढच्या पालकसभेत गुणांची चौकशी करून झाली की दोन प्रश्न आणखी विचारा : तपासणीचं पथक शेवटचं कधी आलं होतं, आणि आमच्या मुलाच्या तपासणीच्या कार्डावर काय लिहिलंय? आणि हो, घरी गेल्यावर दप्तर एकदा उलटं करून बघा.